मुलं कमी, ज्येष्ठ जास्त: पुणेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत, सोसायटीच्या कट्ट्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत लोकसंख्येचा विषय निघाला, की ठरावीक प्रश्न येतात. काही कुतूहलाचे, काही रागाचे, बरेचसे स्वतःच्या काळजीपोटी विचारलेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्या प्रश्नात जीव आहे त्याला जागा जास्त दिली आहे.

लोकसंख्या घटतेय म्हणता, मग सिंहगड रस्त्यावर ही गर्दी कुठून येते?

पुण्याची लोकसंख्या घटत नाही. ती वाढतेच आहे आणि अजून बरीच वर्षं वाढेल. घटली आहे ती एका बाईला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, म्हणजे एकूण जननदर. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पुढची सगळी चर्चा भरकटते.

२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत सुमारे ३१ लाख, पिंपरी-चिंचवडला १७ लाख आणि सगळ्या जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. शिवाय हिंजवडीतलं आयटी, चाकणचे कारखाने, कॉलेजं आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास यांसाठी रोज माणसं येतात ती वेगळीच. हे शहर प्रसूतिगृहांपेक्षा स्वारगेट आणि शिवाजीनगरच्या स्टँडवरून जास्त वाढतं.

दुसरं कारण थोडं गणिती आहे. नव्वदच्या दशकात जन्मलेली मोठी पिढी आज मुलं होण्याच्या वयात आहे. प्रत्येकीला एक किंवा दोनच मुलं झाली, तरी आयाच संख्येने जास्त असल्यामुळे एकूण जन्म लगेच कमी होत नाहीत. खडकवासल्याचा विसर्ग थांबवला तरी भिडे पुलावरचं पाणी तासाभरात ओसरत नाही, तसंच हे.

२.१ हा आकडा सारखा ऐकू येतो. तो काय आहे?

आई-बापाची जागा पुढच्या पिढीने भरून काढायची, तर सरासरी दोन मुलं हवीत. वरचा ०.१ दोन कारणांनी येतो: मुलींपेक्षा मुलगे निसर्गतःच थोडे जास्त जन्मतात, आणि सगळ्याच मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. जिथे मुली जन्मालाच येऊ दिल्या जात नाहीत, तिथे २.१ सुद्धा पुरत नाही. महाराष्ट्रात २०११ ला सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. यावर वेगळं भाष्य नको.

महाराष्ट्र यात कुठे आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा एकूण जननदर २.० निघाला, महाराष्ट्राचा १.७. राज्याच्या शहरी भागात तो १.५ च्या आसपास आहे. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशाचा आकडा ३.४ होता. बिहार अजून ३ वर आहे, सिक्कीम १.१ वर. जिल्ह्यापुरता हा दर त्या पाहणीत दिला जात नाही. त्यामुळे कोणी "पुण्याचा नेमका जननदर" छातीठोकपणे सांगू लागलं, तर आकडा कुठला ते जरूर विचारा.

हे सरकारने घडवलं की लोकांनी?

सरकार श्रेय घेतं, पण जास्त श्रेय लोकांचं आहे. त्यातही बायकांचं.

कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर टीका, खटले आणि हालअपेष्टा सोसल्या. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम त्यानंतर तीस-एक वर्षांनी, १९५२ मध्ये आला. त्याच सुमारास डेक्कनच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर पुणे जिल्ह्यातले जन्म-मृत्यू मोजत होते. जिल्ह्यातल्या गावात जाऊन "किती मुलं झाली, किती जगली" हे विचारणारा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला, हे आपल्या शहराने अभिमानाने सांगावं असं काम आहे.

मग आणीबाणी. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. मात्र सक्तीच्या शिबिरांची जी दहशत बसली, तिचा एक परिणाम अजून टिकून आहे: पुरुष नसबंदी जवळपास संपलीच. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नव्हतं.

सक्तीपेक्षा समजुतीने काय होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये "सेकंड हनिमून पॅकेज" आणलं. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर पाच हजार, तीन वर्षं लांबवला तर साडेसात हजार. नावावरून भरपूर चेष्टा झाली, पण सासूबाईंच्या "यंदा काय बातमी?" या प्रश्नाला नव्या सुनेच्या हातात एक सरकारी उत्तर तर आलं.

खरा बदल झाला तो मूल जगण्याची खात्री वाढल्यामुळे. स्वातंत्र्याच्या वेळी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तर आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बालमृत्यू नोंदले गेले. पाचातली तीन जगतील अशी धाकधूक संपली, की पाच होऊ देण्याचं कारणही संपतं.

आजकालच्या मुलींना मुलंच नकोत, म्हणूनच हे होतंय ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा एखादे आजोबा विचारतात आणि मागच्या रांगेतल्या आजी मान खाली घालून हसतात. त्या हसण्यातच अर्धं उत्तर असतं.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, याचा आपल्याला अभिमान आहे. शिकलेल्या बाईने किती मुलं हवीत हे स्वतः ठरवलं, तर तक्रार करण्याचा हक्क निदान पुण्याला तरी नाही. शिवाय बहुसंख्य मुलींना मूल हवंच असतं. एक तर नक्की, जमलं तर दोन. अडतं ते "जमलं तर" पाशी.

केंद्र सरकारची २०१९ ची वेळवापर पाहणी पाहा. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. (घरकाम करतच नाहीत असे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत. आणि तेच बहुसंख्य आहेत.) कर्वे रोडवरून हिंजवडीला जाऊन-येऊन रोज दोन-अडीच तास घालवणाऱ्या मुलीला दुसऱ्या बाळाबद्दल विचारण्याआधी, पहिल्याचं डबा-आंघोळ-अभ्यास कोण करतं ते विचारून पाहावं.

२०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण त्या पगाराचा भार एकट्या मालकावर टाकला आणि बापाच्या रजेचं खाजगी क्षेत्रात काही ठरवलं नाही. मग मुलाखतीत "लग्न झालंय का?" हा प्रश्न आडवळणाने येतोच. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या मुलीच्या, सुनेच्या कंपनीत ती आहे का, हे एकदा विचारा.

प्रत्यक्षात पुण्याची पाळणाघर व्यवस्था म्हणजे आजी. सांगलीहून किंवा नाशिकहून सहा महिने येणारी, गुडघ्यांची तक्रार न करणारी आजी. ती थकली की दुसऱ्या बाळाचा बेतही थकतो.

वंध्यत्व वाढलं म्हणून जन्म घटले का? टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रं गल्लोगल्ली दिसतात.

मुख्य कारण ते नाही. लग्नं उशिरा, पहिलं मूल तिशीनंतर, त्यामुळे काहींना उपचार लागतात, एवढं खरं. २०२१ च्या कायद्याने या उपचारांना वयाची मर्यादा घातली आहे: स्त्री ५० आणि पुरुष ५५ वर्षांपर्यंत. पैसे देऊन सरोगसी करून घेणं आता गुन्हा आहे.

अमुक समाजाची संख्या वाढतेय आणि आपली घटतेय, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर जेवढं फिरतं तेवढं नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान देशातल्या हिंदू स्त्रियांचा जननदर ३.३ वरून १.९ वर आला आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४ वरून २.४ वर. उतार दोघांचाही आहे आणि मुस्लिम स्त्रियांचा जास्त तीव्र. फरक धर्मापेक्षा शाळेचा आणि राज्याचा जास्त आहे. बिहारमधली बाई आणि केरळमधली बाई यांची तुलना करून पाहा, धर्म कोणताही धरा.

जपानसारखं आपलं होईल का?

दिशा तीच आहे, वेग आणि खिसा वेगळा. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरावर होती. तेव्हापासून ती उतरते आहे. २०२४ मध्ये तिथला जननदर १.१५ होता. दक्षिण कोरियाचा २०२३ मध्ये ०.७२. जपानमध्ये पासष्टीपुढचे लोक जवळपास २९ टक्के आहेत आणि सुमारे ९० लाख घरं रिकामी पडली आहेत. भारताबद्दल संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा, की २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण १७० कोटींच्या आसपास पोचू आणि मग उतरू. साठीपुढच्यांचं प्रमाण २०११ मध्ये ८.६ टक्के होतं, ते २०३६ पर्यंत १५ टक्क्यांच्या जवळ जाईल असा सरकारी तज्ज्ञ गटाचा अंदाज आहे.

पण जपानकडून घ्यायचा धडा जन्मदराचा नाही, असं माझं मत आहे. तिथल्या सरकारने भत्ते दिले, पाळणाघरं काढली, तरी मुलं वाढली नाहीत. मात्र २००० साली त्यांनी एक काम नेमकं केलं: शुश्रूषेचा विमा. चाळिशी उलटलेला प्रत्येकजण हप्ता भरतो आणि म्हातारपणी घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र किंवा निवासी सोय मिळते. जर्मनीने असाच विमा त्याआधी, १९९५ मध्ये आणला. म्हणजे मुलं कमी होणार हे गृहीत धरून, सांभाळणार कोण याचा पैसा आधी बाजूला काढला. आपण जन्मदरावर भाषणं ऐकतो आणि सांभाळणाऱ्याचा पैसा कोणाच्या हिशेबात नाही.

पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या बागेवरून केलं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याकडे लक्ष जात नाही ते असं: पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणाऱ्या मुलांपैकी काहीजण तिथल्या वृद्धांची शुश्रूषा करायला जाण्यासाठी शिकत आहेत. जपानशी कुशल कामगारांचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला, त्यात शुश्रूषा हे क्षेत्र आहे. महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केला. तिकडे या कामाला प्रशिक्षण आहे, दर्जा आहे, पगार आहे. तेच काम इथे करणारीला आपण "बाई" म्हणतो आणि दिवाळीला साडी देतो.

एकच मूल असेल तर म्हातारपणी बघणार कोण?

खरं तर सगळ्यांना विचारायचा असतो तो हाच प्रश्न. बाकीचे त्याच्या आडून येतात.

एकुलता एक मुलगा, एकुलती एक मुलगी, त्यांचं लग्न झालं. आता दोघांवर चार ज्येष्ठ: दोन कोथरूडला, दोन कोल्हापूरला. कोणाचा खुबा मोडला, कोणाला डायलिसिस लागलं, की रजा कोणी घ्यायची? बहुतेक घरांत उत्तर न बोलता ठरतं आणि सून किंवा मुलगी नोकरी सोडते. तेही शक्य नसेल तर घरी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो.

ब्युरोतून येणारी मावशी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ती बहुधा सोलापूर, लातूर, बीडकडची असते. घरी तिचेही म्हातारे सासू-सासरे असतात, त्यांना कोण बघतं हे आपण विचारत नाही. तिला उचलायचं कसं, जखम कशी पाहायची, विसरभोळ्या माणसाशी कसं बोलायचं, याचं धड शिक्षण कोणी दिलेलं नसतं. पगारातला कमिशनचा भाग ब्युरो ठेवतो. आजारी पडली तर खाडा.

"पूर्वी चार मुलं असायची, म्हणून आई-बाप सुखात असायचे," हे अर्धसत्य आहे. पूर्वी फार थोडे लोक ऐंशी गाठायचे, आणि गाठलं तर त्यांचं सगळं घरातली एखादी विधवा आत्या किंवा धाकटी सून करायची, बिनपगारी. चार मुलगे असले तरी करणारी एकच असायची. तेव्हा मुलं किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सांभाळणारी व्यक्ती कोण, तिला शिकवलं कोणी आणि पैसे कुठून येणार, हे तीन प्रश्न खरे. मुलं चार असली तरी ते सुटत नाहीत, आणि हे सुटले तर एक मूल असलं काय, नसलं काय, माणूस नीट म्हातारा होऊ शकतो.

मुलगा अमेरिकेत आहे. आम्ही दोघं इथे. कोणते कागद करून ठेवावेत?

मृत्युपत्र. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे शंभरदा सांगूनही लोक विसरतात.

हयातीत घर मुलांच्या नावे करू नका, हा माझा सरळ सल्ला. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास ते रद्द करून मागता येतं. त्याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा निर्वाहखर्चही मागता येतो. त्याला वकील लागत नाही.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल, तर तसं आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुलाला फोनवर सांगू नका, कागद पाठवा. विमानातून उतरून थेट आयसीयूच्या दाराशी आलेल्या मुलाकडून शांत निर्णयाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

वृद्धाश्रमात जाणं म्हणजे नामुष्की नाही का?

नाही. नवी पेठेतल्या "निवारा"ला दीडशेहून अधिक वर्षं झाली. म्हणजे "आमच्या काळी असं नव्हतं" म्हणणाऱ्यांच्या आजोबांच्या काळीही ते होतं. जाण्याआधी दोन-चार दिवस राहून पाहा. रात्री दोन वाजता बेल वाजवली तर कोण येतं, अंथरुणाला खिळलात तर ठेवून घेतात का, एवढं विचारा. बागेचे फोटो नंतर बघता येतात.

सरकारकडून ज्येष्ठांना काय मिळतं?

एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे. रुग्णालय यादीत आहे का ते आधी पाहा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. यांतल्या एकाही योजनेत ब्युरोचा पगार बसत नाही.

गावाकडच्या शाळा मुलांअभावी बंद पडतायत म्हणे?

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत. आपल्या जिल्ह्यात पानशेतला आसपासच्या छोट्या शाळा एकत्र आणून समूह शाळेचा प्रयोग झाला. कारण फक्त जन्मदर नाही. आई-बाप धायरी-नऱ्ह्याला आले आणि जी मुलं उरली ती इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसली. डोंगरातल्या वाडीवरची शाळा बंद करण्यापूर्वी मात्र पावसाळ्यात ओढा कोण ओलांडणार, हे बघायला हवं.

आंध्रात जास्त मुलं होऊ द्या म्हणतात. आपणही म्हणावं का?

आंध्राने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली. आपल्याकडे ती अजून आहे: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची उमेदवारी बाद. जननदर १.७ असताना या अटीला काही अर्थ उरलेला नाही. तिचा फटका बहुधा ज्या बाईला तिसऱ्या मुलाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, तिला बसतो. काढावी. पण "जास्त मुलं होऊ द्या" हे भाषणही नको. चीनने एक मुलाचं धोरण १९८० च्या सुमारास आणलं, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली आणि २०२२ मध्ये त्यांची लोकसंख्या घटलीच.

जनगणनेत परदेशातला मुलगा आमच्या घरात मोजायचा का?

नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरला आहे. मोजणीच्या काळात जो तुमच्याकडे राहतच नाही, तो तुमच्या कुटुंबात धरला जात नाही. त्याचं नाव रेशनकार्डावर असलं तरीही. ब्युरोची मावशी चोवीस तास तुमच्याकडेच राहत असेल आणि तुमच्याच स्वयंपाकघरात जेवत असेल, तर ती धरली जाते. प्रगणक आले की तिचं नाव, वय आणि शिक्षण तिलाच विचारून सांगा.